तालुक्याच्या लॅबसाठी कोंडा-फोर्जचा कंपायलर संच कसा आहे?

तालुक्याच्या कॉलेजात किंवा संशोधन केंद्रावर पिकांची, हवामानाची मॉडेल्स स्वतः बिल्ड करायची (सोर्स कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवायचा) असतील, तर मिनीफोर्ज या इन्स्टॉलरमधून मिळणारा कोंडा-फोर्जचा (मोफत सॉफ्टवेअर पॅकेजांच्या सामुदायिक साठ्याचा) कंपायलर संच डोळे झाकून घ्यावा. रूट पासवर्ड लागत नाही, सगळं होम फोल्डरमध्ये बसतं, उबुंटू लिनक्सच्या स्वतःच्या जीसीसी कंपायलरला धक्का लागत नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चालतं तिथे तर याला तोड नाही, कारण एकदा उतरवलेला संच पेन ड्राइव्हवरून पुढच्या मशीनवर नेता येतो.

फक्त चालू एन्व्हायर्नमेंटवर (कोंडाने संच बसवलेल्या स्वतंत्र फोल्डरवर) अपडेट मारू नका. शेजारी नवं बनवा आणि जीसीसी (सी), जीएक्सएक्स (सी++), जीफोर्ट्रान (फोर्ट्रान) तिन्हींचा आवृत्ती-आकडा एकच ठेवा. आकडा दिला नाही, तर त्या दिवशीची चालू आवृत्ती येते. फोर्ट्रानच्या मॉड फाइल्स कंपायलरच्या आवृत्तीला बांधलेल्या असतात. जीसीसी 15 वर बांधलेलं नेटसीडीएफ-फोर्ट्रान (हवामानाच्या डेटा फाइल्स वाचणारी लायब्ररी) 14 ने वापरायला गेलात, तर ‘वेगळ्या आवृत्तीने बनवलेली फाइल’ म्हणून ते नाकारतं. तिथे फ्लॅगने भागत नाही, लायब्ररीही नव्याने बांधावी लागते. बिल्ड फोल्डरही पुसा. सीमेक (बिल्डची आखणी करणारा प्रोग्रॅम) जुन्या कंपायलरचा पत्ता कॅशमध्ये धरून ठेवतो.

कोड जुना असेल तर आमचं मत जीसीसी 13 वर थांबावं असं आहे. जीसीसी 10 पासून (2020) एकाच सबरूटीनला एकीकडे रिअल, दुसरीकडे इंटिजर पाठवलं की जीफोर्ट्रान एरर देतो. अलाऊ-आर्ग्युमेंट-मिसमॅच फ्लॅगने तेवढं निभतं. जीसीसी 14 (2024) सी कोडवर कडक झाला. हेडर न जोडता फंक्शन वापरलं की आता वॉर्निंग नाही, थेट एरर. यातला खरा धोका बिल्डआधी मशीन तपासणाऱ्या कॉन्फिगर स्क्रिप्टमध्ये आहे. तिची छोटी चाचणी याच कारणाने फसते, ‘ही सोय मशीनवर नाही’ असं ती गुपचूप ठरवते आणि बिल्ड विनातक्रार पूर्ण होतं. म्हणून कॉन्फिग-लॉग उघडून ‘इम्प्लिसिट डिक्लरेशन’ शोधाच.

बिल्ड चालू असताना लाईन गेली, तर डिस्कवर शून्य बाइटच्या ऑब्जेक्ट फाइल्स (कंपाइल झालेले सुटे तुकडे) उरू शकतात. त्यांची वेळ ताजी असल्याने मेक (बिल्ड चालवणारा प्रोग्रॅम) त्या झालेल्या समजून पुढे जातो आणि शेवटी हे तुकडे जोडणारा लिंकर ‘फाइल फॉरमॅट ओळखता येत नाही’ म्हणून अडतो. कंपायलरवर खापर फोडण्याआधी फाइंड कमांडने शून्य आकाराच्या ऑब्जेक्ट फाइल्स काढून टाका आणि मेक पुन्हा चालवा. ‘किल्ड’ म्हणून सीसी1प्लस (सी++ कंपायलरची प्रोसेस) मरत असेल, तर रॅम संपली. टेम्प्लेट्सने भरलेल्या सी++ कोडला एकेक प्रोसेस दीड-दोन जीबी खाते, तेव्हा 8 जीबीच्या मशीनवर जे-3 च्या (एकावेळी तीन प्रोसेसच्या) वर जाऊ नका. मे महिन्यात तर मोठं बिल्ड रात्रीच लावा. दुपारच्या 45 अंशांत प्रोसेसर तापून आपला वेग स्वतःच उतरवतो.

पेन ड्राइव्हवर नेण्यासाठी कोंडा-पॅक वापरा, ते एन्व्हायर्नमेंट एका टार फाइलमध्ये बांधतं. दुसऱ्या मशीनवर टार सोडा, एन्व्हायर्नमेंट सुरू करा आणि कोंडा-अनपॅक चालवा. ही शेवटची पायरी राहिली तर फाइल्समधले पत्ते जुन्याच फोल्डरचे राहतात. नव्या मशीनवर मार्च-नेटिव्ह फ्लॅग (फक्त त्याच प्रोसेसरसाठी कोड बनवणारा) लावून बांधलेलं सॉफ्टवेअर जुन्या डेस्कटॉपवर ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून कोसळू शकतं. कोंडाचे मूळ फ्लॅग जुन्या प्रोसेसरलाही चालतात, ते बदलू नका. लॅबमधल्या सर्वांत जुन्या मशीनची ग्लिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) पाहून सिसरूट (कोणत्या ग्लिबसीसाठी बांधायचं ते ठरवणारं कोंडा पॅकेज) ठरवा. उबुंटू 18.04 वर ती 2.27 आहे, म्हणजे सिसरूट 2.17 घ्या, 2.28 नको.

विंडोजवर मात्र हा संच अपुरा आहे. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर त्यात येत नाही, व्हिज्युअल स्टुडिओ वेगळा बसवावा लागतो. त्यापेक्षा डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याच्या सोयीत) उबुंटू टाकून हेच सगळं तिथे करावं.