एच-१बी स्टॅम्पिंगचा फॉर्म : नागपूरच्या गोकुळपेठेतलं फोटो स्टुडिओवाल्या काकांचं दुकान

चार वर्षांनी अमेरिकेहून आईबाबांकडे आली होती मी, एच-१बी म्हणजे तिकडच्या नोकरीच्या व्हिसाचा पासपोर्टवरचा स्टॅम्प कधीचाच संपलेला. तिकडे राहताना त्याचं काही अडत नाही, आय-७९७ (एच-१बी मंजुरीचा कागद) आणि आय-९४ (तिकडे किती दिवस राहता येते त्याची नोंद) चालू असलं की नोकरी सुरूच राहते, पण एकदा भारतात आलं की परत आत जायला नवीन स्टॅम्प लागतोच. आणि सप्टेंबर २०२५ पासून एच-१बीवाल्यांचं ड्रॉपबॉक्स, म्हणजे इंटरव्ह्यू न देता नुसते कागद जमा करणं, बंद झालंय, म्हणजे मुंबईला जाऊन इंटरव्ह्यू द्यायचाच.

आधी एका चकचकीत ऑफिसवाल्या एजंटकडे गेली. तो म्हणे इंटरव्ह्यूची लवकरची तारीख काढून देतो, १५ हजार द्या आणि अपॉइंटमेंटच्या वेबसाइटचा पासवर्ड पण द्या. मी उठून आली. कोणीच देऊ नका बाप्पा पासवर्ड, तुमचा सगळा कारभार त्या एका लॉगिनवर असतो.

मग मामेभावाने या काकांकडे पाठवलं. पुढे फोटो स्टुडिओ, मागे एक कॉम्प्युटर, बसायला दोनच खुर्च्या. मी तारखेचं विचारलं तर काका सरळ म्हणाले, "बेटा, तारीख माझ्या हातात नाही, फॉर्म मात्र चुकू देणार नाही." आणि खरंच नाही चुकू दिला! डीएस-१६० म्हणजे व्हिसाच्या ऑनलाइन फॉर्मची एकेक ओळ मोठ्याने वाचून दाखवत होते, माझ्याकडून हो आल्याशिवाय पुढे जात नव्हते. आपल्याकडे पासपोर्टवर नावाच्या रकान्यात वडलांचं नाव पण असते ना, मी सवयीने फक्त माझं नाव सांगितलं तर त्यांनी तिथेच थांबवलं, पासपोर्ट उघडून जसंच्या तसं टाकलं. पिटिशनचा, म्हणजे कंपनीने माझ्यासाठी केलेल्या एच-१बी अर्जाचा नंबर आय-७९७ वरून दोनदा ताडून पाहिला. गेल्या पाच वर्षांतले सोशल मीडियाचे अकाउंट विचारतात, त्यात मी विसरलेलं एक जुनं अकाउंट त्यांच्यामुळेच आठवलं, आणि डिसेंबर २०२५ पासून एच-१बीवाल्यांना प्रोफाइल पब्लिक ठेवायला सांगतात हेही त्यांनीच सांगितलं. मधेमधे सेव्ह करत होते कारण २० मिनिटं हात लावला नाही तर ती साइट बाहेर फेकते. व्हिसाच्या फी ची लिंक माझ्याच मोबाइलवर उघडून दिली, २०५ डॉलर मी स्वतःच भरले, त्यांनी कार्डाला हातसुद्धा लावला नाही.

फोटो २ बाय २ इंच, चष्मा काढून. पहिल्यात कपाळावर सावली आली होती तर न सांगताच दुसरा काढला. फोटो धरून सगळे मिळून ८०० रुपये घेतले.

दुरांतोने मुंबईला गेली, आधी बोटांचे ठसे, दुसऱ्या दिवशी बीकेसीतल्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये इंटरव्ह्यू. काम काय करता, ऑफिस कुठे, इतकंच विचारलं आणि पासपोर्ट ठेवून घेतला. खिडकीवर फॉर्मबद्दल एकही प्रश्न आला नाही, तेव्हा काकांचीच आठवण आली. पासपोर्ट स्टॅम्पसकट हातात आला तेव्हा आईने त्यांच्यासाठी संत्रा बर्फीचा डबा पाठवला.

एक स्टार कमी देऊन राहिली, कारण फोन उचलत नाहीत आणि माझे दोन तास वाट पाहण्यात गेले. दुपारी १ ते ४ बंद असते, सकाळीच जा. सगळ्या जुन्या आय-७९७ सोबत न्या आणि पांढरा शर्ट घालून जाऊ नका, फोटोचं बॅकग्राउंड पांढरंच असते.