खेळ-गाण्यांतून इंग्रजी शिकवायचं किट, दोन महिने वापरल्यानंतर

आधीच सांगते, मी काही शिक्षिका नाही. भाचा, भाची आणि शेजारची तीन पोरं अशी ७ ते ११ वयाची टोळी संध्याकाळी माझ्याकडे जमते, त्यांच्यासाठी हे किट मागवलं. चित्रांची कार्डं, एक बोर्ड, फासे आणि मोबाईलवर ऐकायची २० गाणी. कंपनीचं नाव घेत नाही.

पहिला हिट म्हणजे जोड्या लावायचा खेळ. कार्डं पालथी मांडायची, चित्र आणि शब्द जुळवायचा. पोरं उठायलाच तयार नाहीत, मी पण खूश. आठवड्याने डोक्यात प्रकाश पडला की अर्धा अर्धा तास खेळून एकाच्याही तोंडून इंग्रजीचा एक शब्द निघत नाहीये! जिंकायला लागते ती स्मरणशक्ती, आणि भांडणं चालू अस्खलित मराठीत. मग मी नियमच बदलला, कार्डं हातात वाटायची आणि जोडी हवी असेल तर समोरच्याला 'डू यू हॅव द कॅट?' असं विचारायचं, नाही विचारलं तर कार्ड नाही. तेव्हा कुठे तोंडं उघडली. किटच्या पुस्तिकेत यातलं काहीच लिहिलेलं नाही, म्हणजे तोंड न उघडता जिंकता येणारा खेळ हा इंग्रजीचा खेळ नाही एवढं तरी बनवणाऱ्यांना कळायला हवं होतं ना.

त्याच कार्डांवर वीस प्रश्नांचा खेळ मात्र लाजवाब होतो. एकाने कार्ड लपवायचं, बाकीच्यांनी विचारत सुटायचं, इज इट बिग, कॅन इट फ्लाय. आपल्याकडे वाक्याच्या शेवटी 'का' लावलं की झाला प्रश्न, इंग्रजीत ते इज आणि कॅन पुढे उडी मारून येतात, आणि ही उडी व्याकरण समजावून कधीच जमली नव्हती ती इथे शंभर वेळा विचारून विचारून जिभेवर बसली. भाची अजून 'डझ इट फ्लाइज' म्हणते, पण खेळ थांबवून मी चूक काढत नाही, काढली की गप्प बसते. मीच उत्तर देताना 'नो, इट डझन्ट फ्लाय' असं नीट म्हणते.

बोर्ड गेम बोअर. पाच जण असले की आपली पाळी येईपर्यंत पोरगं छताकडे बघत बसतं आणि आलीच पाळी तर एक शब्द वाचून मोकळं.

आता गाणी. अ‍ॅक्शनची गाणी मस्त, म्हणजे उठा, फिरा, नाकाला हात लावा वगैरे. जेम्स ॲशर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात हीच पद्धत मांडली होती, आधी ऐकून शरीराने करायचं, बोलायची घाई नाही. आमच्यातला सगळ्यात धाकटा दोन आठवडे एक शब्द बोलला नाही पण प्रत्येक अ‍ॅक्शन बरोबर! फक्त चुकला की आऊट हा नियम काढून टाका हं, ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज तोच पहिला आऊट होऊन कोपऱ्यात बसतो. आम्ही चुकणाऱ्याला पुढच्या ऑर्डर द्यायला लावतो.

गाण्यांचा खरा फायदा ठेक्याचा. आपण मराठीत जवळजवळ प्रत्येक अक्षराला सारखं वजन देतो, इंग्रजीत एका अक्षरावर जोर आणि बाकीची अर्धी गिळलेली, हे गाण्यात आपोआप येतं. यायला हवं म्हणते, कारण किटमधल्या चार-पाच गाण्यांत शब्द चालीत कोंबून बसवलेत. बनानाचा जोर मधल्या 'ना'वर असतो, गाण्यात पहिल्याच अक्षरावर दणका आहे, आणि भाच्याचा बनाना आता तसाच पक्का झालाय.

दुसरं म्हणजे नुसतं पाठांतर. वारांचं गाणं घडाघडा म्हणतात, पण गुरुवारला काय म्हणतात विचारलं की संडेपासून अख्खी गाडी सुरू करावी लागते. त्यावर उपाय, गाणं मध्येच पॉज करायचं आणि पुढचा शब्द त्यांना ओरडायला लावायचा, कधी मुद्दाम चुकीचा शब्द मी गाते आणि ते पकडतात, याचा त्यांना भयंकर आनंद होतो.

५ पैकी ३ स्टार. दोन कार्डांना, एक अ‍ॅक्शनच्या गाण्यांना. बोर्ड कपाटावर गेलाय, फासे तेवढे खाली ठेवलेत, दोन फासे टाकून दोन अंकी आकडा बनवायचा आणि तो इंग्रजीत सांगायचा असा खेळ पोरांनी स्वतःच काढलाय.