'पंचायत' की 'सेव्हरन्स'? शेवट बघून ठरवायचं असेल तर

दोन्ही मालिकांचे शेवट उघड करून लिहितो आहे. आधीच कळायला नको असेल, तर इथेच थांबा. ऐरोलीच्या ऑफिसात जेवताना विषय निघाला: दोन्ही अजून अर्धवट, दोघींचेही पुढचे सीझन जाहीर झालेले, मग आत्ता सुरू कुठली करावी?

वेळेचा हिशोब सोपा आहे. 'पंचायत'चे चार सीझन, प्रत्येकी ८ भाग. 'सेव्हरन्स'चे दोन सीझन मिळून १९. पहिली आईबाबांसोबत जेवता जेवता बघता येते. दुसरीला फोन बाजूला ठेवून एकट्यानं बसावं लागतं.

खरा फरक शेवटांत आहे. 'पंचायत'च्या फुलेरा गावात निवडणूक होते, मंजूदेवींचं चिन्ह दुधी क्रांतीदेवींच्या कुकरपुढे हरतं आणि पंचायतीचे सचिवजी अभिषेक यांना कॅटमध्ये, म्हणजे आयआयएमच्या प्रवेश परीक्षेत, ९७ पर्सेंटाइल मिळतात. तिसऱ्या सीझनच्या अखेरीस प्रधानजींवर (मंजूदेवींच्या नवऱ्यावर) झाडलेली गोळी मला ओढूनताणून आणलेली वाटली होती. ही हार मात्र खरी आहे, आणि ती बघताना वाईट वाटतं. तरी दोन्ही निकाल बाहेरून आलेत, एक मतपेटीतून आणि एक परीक्षेतून. गाव सोडायचं की नाही, हे अभिषेकनं अजून ठरवायचंय.

'सेव्हरन्स'मध्ये ल्युमन कंपनीनं शस्त्रक्रिया करून माणसाच्या आठवणीच दुभागल्या आहेत. लिफ्ट खाली गेली की घरचं काही आठवत नाही, वर आली की ऑफिसातलं. लोकलमध्ये दिघा गाव स्टेशन गेलं, ऐरोली आली तरी घरचे विचार डोक्यातून न जाणाऱ्या आपल्यासारख्यांना क्षणभर हे बरंच वाटेल. मार्च २०२५ मध्ये आलेल्या शेवटच्या भागात घरचा मार्क आणि ऑफिसातला मार्क कॅमेऱ्यावर निरोप रेकॉर्ड करून एकमेकांशी भांडतात. घरच्याला कंपनीत कोंडलेली बायको जेमा परत हवी आहे. ऑफिसातल्याला कळतं की ती सुटली तर आपलं अस्तित्वच संपेल. तरी तो तिला जिन्याच्या दारापर्यंत आणून बाहेर काढतो. ती पलीकडून जिवाच्या आकांतानं हाका मारते, आणि हा वळतो, ऑफिसातल्या प्रेयसीचा, हेलीचा हात धरतो आणि आत पळतो. त्याला कुणी भाग पाडलेलं नाही. इतका क्रूर आणि इतका समजण्याजोगा निर्णय मी मालिकेत क्वचितच पाहिलाय.

पुढे काय? माझा अंदाज, तिसरा सीझन जेमाचा असेल, कारण आतलं सगळं भोगून ती एकटीच बाहेर आली आहे. आतली मंडळी मजला ताब्यात ठेवतील. हेली बाहेरच्या जगात मालकाची मुलगी असल्यानं कंपनीला सहज हात उगारता येणार नाही. फुलेराचं म्हणाल, तर ९७ वर जुन्या आयआयएमची खात्री नसते. लेखकांनी वाट मोकळी ठेवलीय. अभिषेकनं जायलाच हवं. नव्या भांडणानं त्याला पुन्हा अडकवलं तर मालिका शिळी होईल.

म्हणून आत्ता एकच घ्यायची तर 'सेव्हरन्स' घ्या. एप्रिल २०२२ नंतर दुसऱ्या सीझनसाठी जानेवारी २०२५ उजाडला होता, पुढचाही लांबू शकतो. पण मार्कचा निर्णय तोवर पुरून उरतो. 'पंचायत' पाचवा सीझन हाताशी असेल तेव्हा सलग बघा. घरात सगळ्यांना मिळून काही बघायचं असेल तर मात्र आजच लावा. आणि 'सेव्हरन्स'च्या पहिल्या सीझनचा नववा भाग शुक्रवारी रात्रीच बघा, दुसरा सीझन लगेच लावावासा वाटेल.