पहिलीचा प्रवेश: उर्दू जि.प. शाळा, इस्लामिक स्कूल की शाळेसोबत मकतब?

भुसावळ, यावल, रावेर या पट्ट्यात मुस्लिम पालकांपुढे सहसा हेच तीन पर्याय असतात. आमचं मत आधीच सांगतो: जवळच्या सरकारी शाळेत शिक्षक पुरेसे असतील, तर दिवसा शाळा आणि सकाळी किंवा संध्याकाळी मकतब (मुलांना कुरआन वाचायला शिकवणारा वर्ग) ही जोडी सगळ्यांत सरस.

सरकारी शाळेत फी नाही, बालभारतीची पुस्तकं मोफत आणि दुपारी शिजवलेलं जेवण. पाचवीपर्यंत दर मुलामागे १०० ग्रॅम धान्य धरलेलं असतं. केळी कापणीला आईबाप पहाटेच निघतात त्या घरांना हा फार मोठा आधार आहे. दुखणं आहे ते शिक्षकसंख्येचं. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) निकषात ६० मुलांपर्यंत दोनच शिक्षक, म्हणजे लहान गावात पाच वर्ग दोघांच्या अंगावर. त्यातल्या एकाची बदली होऊन जागा रिकामी राहिली, की पहिली-दुसरीचं वाचन कच्चं राहतं आणि तो कच्चेपणा पुढे निघत नाही. म्हणून रंगवलेल्या भिंतींवर जाऊ नका. शिक्षक किती मंजूर आणि आज हजर किती, ते विचारा.

इस्लामिक स्कूलमध्ये दीनियात (धर्मशिक्षण) आणि अभ्यास एकाच छताखाली होतो, मुलीला पाठवायला घरचे पटकन तयार होतात. ही मोठी जमेची बाजू आहे. पण मान्यतेचं पत्र डोळ्यांनी बघा. नुसता ११ अंकी यू-डायस क्रमांक (शाळेचा सरकारी नोंदणीतला क्रमांक) पुरत नाही, तो मान्यता नसलेल्या शाळांनाही मिळतो. मान्यता नसेल तर पुढच्या प्रवेशाला दाखल्याची अडचण येते. शाळेला अल्पसंख्याक दर्जा असेल, तर २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे आरटीईच्या २५ टक्के मोफत जागा तिथे मिळत नाहीत. गाडी, गणवेश, पुस्तकं धरून वर्षाची फी कागदावर लिहून घ्या.

वाचनाच्या बाबतीत बरेच पालक फसतात. मकतबात मूल नुरानी कायदा (अरबी अक्षरओळखीचं पुस्तक) संपवून नाजरा (कुरआन बघून वाचणं) भराभर म्हणतं, म्हणून त्याला उर्दू येतं असं घरी वाटतं. कुरआनात प्रत्येक अक्षराला जेर-जबर (स्वरांच्या खुणा) असतात; उर्दूच्या पुस्तकात ते बहुतेक नसतातच, आणि अक्षराचं वळणही वेगळं, तिरकं. दुसरीतल्या मुलापुढे उर्दू वर्तमानपत्राचा एक मथळा ठेवा. तिथे अडखळलं तर वाचन शाळेत घ्यायचं राहिलंय. उलट ‘से’, ‘सीन’, ‘स्वाद’ तिन्ही उर्दूत ‘स’च होतात, त्यांचे अरबीतले मखरज (उच्चाराच्या जागा) मात्र मकतबातले उस्तादच नीट करून घेतात. म्हणून दोन्ही लागतात.

मराठीकडे दुर्लक्ष नको. २०२० च्या कायद्यानं ती सगळ्या माध्यमांत सक्तीची आहे, पण तिसरीतल्या मुलाची मराठीची वही उघडून बघा: फळ्यावरून उतरवलेलंच आहे की एखादं वाक्य स्वतःचं आहे?

हिफ्जसाठी (कुरआन तोंडपाठ करण्यासाठी) तिसरी-चौथीत शाळा सोडवू नका. पुढे कायद्यानं वयाप्रमाणे सहावीत बसवतात खरं, पण भागाकार येत नसतो. पाचवी होऊ द्या. तोवर रोज तासभर मकतब पुरतो. फजरनंतरचा (पहाटेच्या नमाजनंतरचा) असेल तर मूल रात्री नऊला झोपलंच पाहिजे, नाहीतर दुपारच्या गणिताला ते पेंगतं.