शिवून घेतलेली स्केचबुक आणि ब्रश पेन : दिवाळीपासून आषाढापर्यंतचा अनुभव

माणसांची मोकळी, जिवंत रेखाटनं करायची सवय लावायची असेल तर वही कुठली घ्यावी, असं आमच्या बेळगाव-खानापूर भागातली बरीच मुलं विचारतात. दिवाळीच्या आधी मी शहरातल्या एका बायंडरकडून वही शिवून घेतली होती. आता ती संपत आली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

कार्ट्रिज कागदाची, म्हणजे चित्रकलेच्या जाडसर कागदाची, २२ × ३० इंची पूर्ण शीट चार तुकड्यांत कापायची आणि प्रत्येक तुकडा मधोमध दुमडायचा. साडेसात × अकरा इंचाची आठ पानं मिळतात, म्हणजे सोळा बाजू. चारही दुमडी एकात एक घातल्या की एक फर्मा झाला. असे फर्मे हातानं शिवायचे, पाठीला कापडी पट्टी, वरून पुठ्ठा. "अक्का, ह्याला पिना मारून भागत नाही, दोराच घालायला लागतंय," असं बायंडर म्हणाला, आणि ते सोळा आणे खरं आहे. शिवलेली वही कुठल्याही पानावर जवळपास सपाट उघडते आणि पंधरा इंच रुंदीची अखंड जागा मिळते. स्पायरल वहीत हात तारेला अडतो, मग माणूस आपोआप पानाच्या मधोमध आखडून उभा राहतो. इथं झेपावलेल्या पैलवानाचा हात एका पानावर आणि ताणलेला पाय दुसऱ्या पानावर जातो. एवढ्या एका कारणासाठीही मी पुन्हा शिवूनच घेईन.

कागद १४० जीएसएमचा आहे, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन १४० ग्रॅम. ब्रश पेनची शाई पाठीमागं फुटत नाही, फक्त काळी भरलेली जागा पलीकडून पुसट दिसते. पाण्याचा हात एकदा फिरवला तर चालतं, दुसऱ्यांदा फिरवला की कागदाचे तंतू सुटायला लागतात. जलरंगासाठी ही वही घेऊ नका, त्याला ३०० जीएसएमचा कागदच हवा.

पावसाळ्याचं मात्र नीट सांगायला हवं, कारण आपल्याकडचा पाऊस म्हणजे काही दोन दिवसांची सर नव्हे. कणकुंबी-जांबोटीकडं तर जूनपासून घरातलं मीठसुद्धा कोरडं राहत नाही. कागदाचे तंतू एका दिशेला असतात आणि दमट हवेत कागद तंतूंच्या लांबीत फारसा नाही, तर त्यांना काटकोनात फुगतो. तंतू वहीच्या पाठीला समांतर असले तर पानं मऊपणे उलटतात आणि फुगवटा बाहेरच्या कडेला निघून जातो. आडवे असले तर शिवणीजवळ लाटा येतात आणि आषाढापर्यंत वही मिटायची बंद होते. ओळखायला सोपं आहे. शीट दोन्ही बाजूंनी हलकी वाकवून बघा. ज्या बाजूला ती सहज वाकते, त्या दुमडीला तंतू समांतर असतात. कापायच्या आधी हे बायंडरला सांगा. माझ्या वहीत तंतू उभे आहेत, त्यामुळं आज बाहेर धो धो पाऊस असतानाही ती सरळ बसते. पुठ्ठ्याचे कोपरे तेवढे ओल धरून सुटलेत. तिथं कापड दुमडून घेतलं असतं तर टिकले असते.

पेन नायलॉनच्या केसांचं आहे, जपानी बनावटीचं, आतली शाईची कांडी बदलता येते. शाई रंगद्रव्याची असल्यामुळं वाळल्यावर पाण्यानं पसरत नाही. बसमध्ये खिडकीतून थेंब आले तरी चित्र शाबूत. दाब दिला की रेषा जाड, उचलली की केसाइतकी बारीक. पेन टोकाजवळ धरलं तर मनगट अडतं. मागं, शेपटाकडं धरलं की हात खांद्यापासून हलतो, आणि मोकळी रेषा तिथूनच येते. चित्रकलेच्या लोअर-हायर ग्रेडच्या परीक्षा दिलेल्या हाताला स्वच्छ बाह्यरेषेची सवय असते. त्या हाताला सुरुवातीला हे पेन बेलगाम वाटेल. वाटू द्या. लहान मुलांना मात्र ६बी पेन्सिल द्यावी. पेनाचं टोक त्यांच्या दाबानं लवकर फाकतं, आणि ते स्वस्त नाही.

आता या वहीत काय काढायचं. माझं ठाम मत असं की आधी माणसाचं वजन काढावं, चेहरा सगळ्यात शेवटी. बेळगावच्या मध्यवर्ती स्थानकावर खानापूरच्या गाडीची वाट बघणारी माणसं बघा. कुणीही दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं नसतं. भार असलेल्या पायाकडचं कंबरेचं हाड वर जातं आणि त्याच बाजूचा खांदा खाली येतो. गळ्याखालच्या खळगीतून सरळ खाली रेषा सोडली तर ती भार घेतलेल्या पावलाजवळ पडते. एवढं तीन-चार रेषांत पकडलं की माणूस उभा राहतो, मग नाक-डोळे नसले तरी चालतं. एका आजींनी वहीत डोकावून विचारलं, "हे मीच न्हवं? तोंड कुठं हाय माझं?" तोंड काढलेलंच नव्हतं. टोपलीच्या भारानं एका बाजूला गेलेली कंबर आणि मोकळा हात, एवढ्यावरून त्यांनी स्वतःला ओळखलं होतं.

सीमाभागात पेहरावाचा मोह फार. फेटा, मिशी, गांधी टोपी, इरकली नऊवारी काढली की चित्र आपल्या मातीतलं वाटायला लागतं. पण फेटा दहाजणांना सारखाच असतो. पदर कुठं खोचलाय, टोपी कुणी कपाळावर ओढलीय आणि कुणी मागं सारलीय, यात माणूस वेगळा होतो. मोकळं रेखाटन म्हणजे घाईचं रेखाटन असं अनेकांना वाटतं, त्यानं फार नुकसान होतं. हात भरभर चालतो, कारण काय काढायचं आणि काय सोडायचं ते डोळ्यांनी आधीच ठरवलेलं असतं.

या दृष्टीनं सगळ्यात भरघोस शिकवलं ते शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीनं. बेळगावची ही मिरवणूक रात्रभर चालते. ट्रॉलीवर सजीव देखावे असतात: तलवार उगारलेला मावळा, दरबार, लढाई. चित्रकाराला एवढा वेळ एकाच पवित्र्यात उभी असलेली माणसं दुसरीकडं कुठं मिळणार? संध्याकाळी तलवार ताठ असते. मध्यरात्रीकडं कोपर खाली येतं, भार मागच्या पायावर जातो, मान पुढं झुकते, आणि पोशाख तोच असून आत दमलेला कॉलेजचा पोरगा दिसायला लागतो. हेच व्यक्तिचित्र. गर्दीत उभं राहून एका हातात वही धरून काढायचं तर पुठ्ठा कडक लागतो, तिथं ही वही पुरेपूर उतरली.

घरी आल्यावर त्याच पोराला मूळ रेखाटन न बघता पुन्हा काढावं, दरवेळी एकच गोष्ट वाढवत: कोपर आणखी खाली, मान आणखी पुढं. सगळंच वाढवलं की व्यंगचित्र होतं, एकच वाढवलं की स्वभाव दिसतो. आकृती आतून काळी भरून टाका. नुसत्या काळ्या आकारावरून तो काय करतोय ते घरातल्या कुणाला कळलं तर रेखाटन जमलं. या कामाला ब्रश पेनसारखं दुसरं साधन नाही.

आपल्या गावाला माणसं काढण्याची मोठी परंपरा आहे. चित्रकार के. बी. कुलकर्णींनी इथं शिकवलं, चित्रकार रवी परांजपे त्यांचे विद्यार्थी. तरीही रस्त्यावर वही उघडून काढणारी मुलं कमी दिसतात, याचं मला वाईट वाटतं. कागद, शिलाई सगळं शहरात मिळतं, बाहेरून मागवायची गरज नाही.

घ्यायची असेल तर एवढं सांगा: फर्मे कमी ठेवा, आठ पुरेत, नाहीतर खांद्यावरच्या पिशवीत वही जड होते आणि घरीच राहते. कोपऱ्यांना कापड लावून घ्या. शेवटच्या पुठ्ठ्याला आतून एक कप्पा करायला सांगा, सुटे कागद आणि शाईची जादा कांडी त्यात राहते. आणि शक्यतो मे संपायच्या आत शिवून घ्या. पावसात खळ वाळायला फार दिवस लागतात आणि पुठ्ठा वाकडा होतो.