घरी बदललेला डिझेल फिल्टर आणि आपल्या हातावर ढकलला जाणारा दोष

निफाड तालुक्यातून द्राक्षे आणि कांदा भरून वाशीच्या बाजारात नेणारी माझी डिझेल पिकअप आहे. ती मीच चालवतो आणि ऑइल, एअर फिल्टर, डिझेल फिल्टर बदलण्याची नेहमीची कामेही घरच्या अंगणात मीच करतो. आमच्या भागात असे करणारे पुष्कळ आहेत आणि हा अनुभव प्रामुख्याने त्यांच्यासाठी लिहीत आहे. बनावट सुटे भाग गॅरेजवाल्यांच्याही गळ्यात मारले जातात, परंतु घरी काम करणाऱ्याची फसवणूक विक्रेत्याला अधिक सहज पचते. भाग निकामी ठरला की "तुम्हीच नीट बसवला नाही" एवढे एक वाक्य त्याला पुरते आणि त्यावर उत्तर देण्यासारखे काही आपल्याजवळ बहुधा उरलेले नसते.

मी डिझेल फिल्टर तालुक्याच्या ठिकाणच्या एका जुन्या दुकानातून घेतले. प्रकरण ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे दुकानाचे आणि फिल्टरवर छापलेल्या कंपनीचे नाव येथे देत नाही. हंगाम तोंडावर आला असल्याने एक लगेच बसवण्यासाठी आणि एक गाडीत राखून ठेवण्यासाठी, असे दोन फिल्टर मी मागितले. खोक्यावर चकाकणारा होलोग्राम, क्यूआर कोड, छापील किंमत, निर्मितीचा महिना असे सर्व काही होते. किंमत छापील दरापेक्षा सुमारे 180 रुपयांनी कमी लावली गेली. कारण विचारले असता "कंपनीची स्कीम आहे" असे उत्तर मिळाले. दुकानदार साध्या चिठ्ठीवर रक्कम लिहून देत होता. मी जीएसटीचे पक्के बिल मागितले आणि त्यावर नुसते "डिझेल फिल्टर 2 नग" असे न लिहिता भागाचा क्रमांक व बॅच क्रमांकही लिहून घेतला. बिल करताना त्याने बरीच कुरकुर केली, पण पुढे सारे प्रकरण त्या एका कागदावरच उभे राहिले.

फिल्टर बसवताना काय केले ते थोडे तपशिलाने सांगतो, कारण नंतर वाद त्यावरच झाला. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. फिल्टरच्या डोक्याभोवती साचलेली धूळ आधी ब्रशने आणि मग डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसून घेतली, कारण जुना फिल्टर सुटताच तिथला एखादा कण थेट आत पडू शकतो. खालचा ड्रेन सैल करून तळाचे पाणी आणि डिझेल एका पारदर्शक बाटलीत काढले, पाणी ओळखणाऱ्या सेन्सरची पिन सोडवली आणि पट्ट्याच्या पान्याने फिल्टर फिरवून उतरवला. नव्या फिल्टरच्या रबरी रिंगेला स्वच्छ डिझेलचे बोट लावले, रिंग टेकेपर्यंत तो हाताने फिरवला आणि त्यापुढे कंपनीच्या पुस्तिकेत सांगितले आहे तेवढाच आवळला. नवा फिल्टर बसवण्याआधी कॅनमधल्या डिझेलने भरून घेण्याची सवय अनेकांना असते. मी तसे करत नाही, कारण मधल्या मोठ्या भोकातून ओतलेले डिझेल कागदातून न गाळता सरळ इंजिनच्या डिझेल पंपाकडे जाते. हातपंप कडक लागेपर्यंत दाबून हवा काढली आणि गाडी सुरू केली. जुन्या इंजिनांत उच्च दाबाच्या नळ्यांचे नट सैल करून हवा काढत असत. कॉमन रेल इंजिनात, म्हणजे जिथे सर्व सिलिंडरांना एकाच उच्च दाबाच्या नळीतून (रेलमधून) डिझेल मिळते तिथे, तसे कोणीही करू नये. त्या नळ्यांतला दाब अनेक गाड्यांत 1,600 बारपर्यंत, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे 1,600 पट, जातो आणि इतक्या दाबाची धार कातडी भेदून शरीरात शिरते.

पहिल्या काही फेऱ्यांत काहीच जाणवले नाही. नंतर सकाळी सेल्फ जास्त वेळ मारावा लागू लागला, उभ्या गाडीत मिसिंग येऊ लागली, म्हणजे इंजिन अडखळू लागले, आणि परतीच्या प्रवासात कसारा घाट चढताना गाडीची ओढ कमी होऊन इंजिनचा दिवा लागला. एका फेरीत द्राक्षांचे क्रेट भरलेले असताना गाडी महामार्गाच्या कडेलाच बंद पडली. उन्हात तापलेल्या मालाला बाजारात काय भाव मिळतो, हे द्राक्षवाल्यांना वेगळे सांगायला नको.

नाशिकमध्ये पंप आणि नोझलचे काम करणारे एक अनुभवी कारागीर आहेत, त्यांच्याकडे गाडी नेली. त्यांनी आधी रिटर्न, म्हणजे इंजेक्टरमधून (सिलिंडरात डिझेल फवारणाऱ्या भागातून) टाकीकडे परत जाणारे डिझेल, तपासले. प्रत्येक इंजेक्टरची परतीची नळी सोडवून तिला सारख्या आकाराची एक-एक बाटली जोडली आणि इंजिन काही मिनिटे चालू ठेवले. इंजेक्टर सुस्थितीत असले तर चारही बाटल्यांत थोडेथोडे आणि जवळपास सारखेच डिझेल जमते. इथे दोन बाटल्यांच्या तळाशीच डिझेल होते, एक अर्धी भरली होती आणि तिसऱ्या इंजेक्टरची बाटली गळ्यापर्यंत आली होती. मग त्यांनी फिल्टर उतरवला, पांढऱ्या सुती फडक्याचे टोक फिल्टरच्या मधल्या नळीत, म्हणजे गाळलेले डिझेल जिथून बाहेर पडते त्या बाजूला, फिरवले आणि माझ्यासमोर धरले. फडक्यावर करडा पट्टा उमटला होता आणि त्यात कागदाचे बारीक तंतू अडकलेले स्पष्ट दिसत होते. गाळल्यानंतरच्या बाजूला घाण असणे याचा अर्थ एकच होता, फिल्टर डिझेल नीट गाळत नव्हता. इंजेक्टरच्या सुईभोवतीची फट केवळ काही मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते, आणि माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. डोळ्यांना न दिसणारी धूळही तिथे घासकागदाचे काम करते. इंजेक्टर दुरुस्तीचा आणि रेल साफ करण्याचा खर्च 25,000 रुपयांच्या पुढे गेला.

दुकानदाराने तक्रार ऐकून घेण्याआधीच विचारले, "फिल्टर कुठे बसवला?" घरी, असे सांगताच तो निश्चिंत झाल्यासारखा वाटला. "मग बसवताना धूळ गेली असणार. नाहीतर डिझेलमध्ये भेसळ असेल. आम्ही काय करणार?" असे म्हणून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. या दोन्ही सबबी वरवर पटण्यासारख्या आहेत आणि म्हणूनच त्या घातक आहेत. माझ्यासारखे अनेकजण तिथूनच परत फिरले असतील.

डिझेलची शंका मी आधी फेडून घेतली. पंपावर घनता तपासून मागण्याचा ग्राहकाला अधिकार आहे आणि त्यासाठी लागणारे हायड्रोमीटर, थर्मामीटर व काचेचे भांडे पंपचालकाला ठेवावेच लागते. 15 अंश सेल्सिअसला रूपांतरित केलेले मोजमाप आणि पंपाच्या नोंदवहीतली घनता यांत 3 एककांपेक्षा (किलो प्रति घनमीटर) अधिक फरक नसावा. मी ज्या पंपावर नेहमी डिझेल भरतो तिथे ते जुळले. घनतेवरून भेसळीचा प्रत्येक प्रकार उघड होत नाही हे खरे आहे. म्हणून टाकीतले डिझेलही पारदर्शक बाटलीत काढून रात्रभर स्थिर ठेवले. पाणी डिझेलपेक्षा जड असल्यामुळे ते असते तर तळाशी वेगळा थर दिसला असता. तसा थर नव्हता आणि गाळही नव्हता.

मग फिल्टर उघडण्याचे ठरवले. हॅकसॉने पत्रा कापला तर लोखंडाचा कीस कागदात पडतो आणि समोरचा माणूस त्या किसालाच घाण म्हणू शकतो. त्यामुळे कारागिरांनी चाकाच्या कटरने वरची कड कापली. हे सारे दोन परिचितांच्या समक्ष आणि मोबाइलवर चित्रीकरण न थांबवता केले. माझा जुना, अस्सल फिल्टर डिझेल निथळण्यासाठी घरीच ठेवलेला होता, तोही शेजारी तसाच उघडला. अस्सल फिल्टरच्या कागदाच्या घड्या दाट आणि सारख्या अंतरावर होत्या, कागदाची दोन टोके जिथे जोडलेली असतात तिथे चिकटपट्टी वरपासून खालपर्यंत अखंड होती. नव्या फिल्टरमध्ये घड्या निम्म्याहून थोड्याच जास्त होत्या, त्याही एका बाजूला गोळा झाल्या होत्या. कागदाचे खालचे झाकण जाड पुठ्ठ्याचे होते व फुगून सुटले होते, आणि जोडावरची चिकटपट्टी तळाच्या दोन बोटे आधीच संपलेली होती. कागद उजेडाकडे धरला तेव्हा त्या फटीतून पलीकडचे स्वच्छ दिसत होते. टाकीतले डिझेल कागदातून जाण्याऐवजी त्या फटीतून वाहत राहिले होते. बसवणाऱ्याचा हात कितीही स्वच्छ असला, तरी ही फट त्याला बाहेरून दिसणे शक्य नव्हते.

दुसरा फिल्टर मी खोक्यातून काढलाच नव्हता आणि तो तसाच मोहोरबंद ठेवला. दोन्ही खोकी शेजारी ठेवल्यावर आणखी एक गोष्ट ध्यानात आली. दोहोंवरचा अनुक्रमांक एकच होता. क्यूआर कोडही अगदी तोच होता. एकच फिल्टर घेणाऱ्याला हे कधीही कळणार नाही, त्यामुळे दुकानात त्याच भागाचे दुसरे खोके मागून क्रमांक ताडून पाहण्याची मी आग्रहाने शिफारस करतो. खोक्यावरच्या ग्राहक सेवा क्रमांकावर विसंबू नये, कारण बनावट खोक्यावर तोही बनावट असू शकतो. मी कंपनीचा पत्ता माझ्या गाडीच्या अधिकृत विक्रेत्याकडून घेतला आणि छायाचित्रे पाठवली. त्या बॅच क्रमांकाचा फिल्टर आपण तयार केलेला नाही, असे कंपनीने ईमेलने लेखी कळवले.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली, आणि तेथून समाधान न झाल्यावर जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेलो. मालवाहू गाडी म्हणजे व्यवसाय, त्यामुळे आपण ग्राहक ठरत नाही, असे दुकानदाराने ठामपणे सांगितले होते. ते चूक आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी वापरलेली वस्तू व्यापारी हेतूत मोडत नाही, आणि स्वतः गाडी चालवून पोट भरणारा माणूस नेमका त्यातच येतो. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, वस्तूसाठी मोजलेली किंमत 5 लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. वस्तूतला दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, हे कलम 38 मध्ये आहे, आणि मोहोरबंद दुसऱ्या फिल्टरचे मोल तिथे कळले. खोट्या ट्रेडमार्कचा माल विकणे हा ट्रेडमार्क कायदा, 1999 च्या कलम 104 खाली स्वतंत्र गुन्हा आहे. त्यात सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि 50,000 ते 2 लाख रुपये दंडाची तरतूद आहे. ती तक्रार कंपनी स्वतः करणार असल्याचे तिने कळवले आहे.

नोटीस मिळाल्यावर दुकानदाराचा एक माणूस घरी आला. दोन्ही फिल्टरची किंमत रोख परत देण्याची त्याची तयारी होती, मात्र मोहोरबंद खोके परत हवे होते आणि "आमची काहीही तक्रार नाही" अशा मजकुराच्या कागदावर सही हवी होती. मी दोन्ही गोष्टींना नकार दिला. प्रकरण सध्या आयोगापुढे आहे.

त्या दुकानातले तेच फिल्टर निफाड, सिन्नर आणि चांदवड या भागांतल्या आणखी पिकअपना लागलेले असणार, याची मला काळजी आहे. अलीकडे छापील किमतीपेक्षा स्वस्तात डिझेल फिल्टर घेतला असेल आणि गाडी सकाळी उशिरा सुरू होत असेल, तर इंजेक्टर बदलायला सांगणाऱ्याला होकार देण्याआधी फिल्टर उतरवून मधल्या नळीत पांढरे फडके फिरवून पाहावे. घाण दिसली तर फिल्टर, खोके आणि बिल यांतले काहीही दुकानदाराच्या हाती देऊ नये. फिल्टर अस्सल निघाला, तर मात्र रिकामे खोके भंगारवाल्याला देण्याआधी फाडून टाकावे, कारण असली खोकी बनावट माल भरण्यासाठी विकत घेणारे लोक बाजारात आहेत.