आर्मचं मॉड्यूल, एक्स८६चा लॅपटॉप: बोर्ड घ्यावा की क्यूएमूवर भागवावं?

लॅपटॉप एक्स८६चा, म्हणजे इंटेल-एएमडी जातीच्या प्रोसेसरचा, आणि लिनक्सचं कर्नल मॉड्यूल (चालू कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, जोडता येणारा कोडचा तुकडा) चालवून बघायचंय आर्म६४ ह्या वेगळ्या जातीच्या प्रोसेसरवर. जमलंच तर रिस्क-फाइव्ह ह्या तिसऱ्या जातीवरही. क्यूएमू हे एका प्रोसेसरवर दुसऱ्याची नक्कल करणारं सॉफ्टवेअर. ह्यासाठी मी तीन वाटा धुंडाळल्या: क्यूएमूचा युजर मोड, क्यूएमूचं पूर्ण सिस्टीम इम्युलेशन आणि टेबलावरचा खराखुरा बोर्ड. मेकफाइल कशी लिहायची, क्रॉस कंपायलर कुठून घ्यायचा हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो.

युजर मोड आधी बाजूला काढू, कारण बरेच जण पहिल्यांदा इथेच फसतात. मीही फसलो. डॉकर ह्या कंटेनर चालवणाऱ्या साधनात आर्म६४ची इमेज चालवली, युनेम ह्या आज्ञेला मशीन विचारलं, उत्तर आलं ‘एआर्च६४’, म्हणजे आर्म६४च. झालं काम, म्हणून इन्समॉड, म्हणजे मॉड्यूल लोड करायची आज्ञा, मारलं आणि तोंडावर आपटलो. युजर मोड प्रोग्रामच्या सूचनांचं तेवढं भाषांतर करतो. सिस्टीम कॉल, म्हणजे प्रोग्रामच्या कर्नलकडच्या मागण्या, जातात खाली तुमच्याच लॅपटॉपच्या कर्नलकडे. खात्री करायची असेल तर त्याच कंटेनरात प्रॉक-मॉड्यूल्स ही लोड झालेल्या मॉड्यूलांची फाइल उघडा, लॅपटॉपच्या वाय-फायचं मॉड्यूल त्यात दिसेल. पाटी बदलली, दुकान तेच. डेबियनची आर्म रूट फाइलसिस्टीम बांधायला हा मोड झकास आहे आणि मी त्यासाठी अजूनही वापरतो. पण मॉड्यूल लोड करायचं तर आर्मचा कर्नलच हवा.

म्हणजे निवड उरते दोघांत.

त्याआधी एक सांगून ठेवतो. निम्म्या चुका मॉड्यूल न चालवताच सापडतात. ३२-बिट आर्मसाठी नुसतं क्रॉस कंपाइल करून बघा; ६४-बिट संख्येला सरळ भागाकाराचं चिन्ह लावलं असेल तर मॉडपोस्ट, म्हणजे मॉड्यूल बांधताना शेवटी तपासणारं साधन, ‘यूएलडिव्हमॉड’ नावाचं काहीतरी सापडत नाही म्हणून रडतो. त्याला कर्नलचं डिव्ह-यू६४ हे भागाकाराचं फंक्शन वापरलं की गप्प बसतो. सी भाषेतला कॅर हा प्रकार एक्स८६वर चिन्हासहित (ऋण संख्याही धरणारा) आणि आर्मवर चिन्हाविना, हा जुना सापळा तर कर्नल ६.२पासून गेलाच, तेव्हापासून सगळीकडे तो चिन्हाविनाच कंपाइल होतो.

आता बोर्ड. मी चार कोअरचा, कॉर्टेक्स-ए७२वाला घेतला होता. पहिल्या आठवड्यात फार आवडला. वेग खरा, आणि जीपीआयओ, आयटूसी, एसपीआय ह्या सेन्सर वगैरे जोडायच्या पिना सगळ्या हाताशी. तुमचं मॉड्यूल एखाद्या सेन्सरशी बोलणार असेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही, बोर्डच घ्या. क्यूएमूचं ‘व्हर्ट’ मशीन हा कागदावरचा संगणक आहे, त्याला तुम्ही सेन्सर टोचू शकत नाही.

माझ्या मॉड्यूलला हार्डवेअर असं काही नव्हतंच. एक कॅरेक्टर डिव्हाइस, थोडे बफर आणि एक टायमर. चूक होती लॉकमध्ये. टायमरच्या कॉलबॅकमध्ये जे स्पिनलॉक (मोकळं होईपर्यंत कोअरला जागीच घुमवत ठेवणारं कुलूप) घेत होतो, तेच आयऑक्टलमध्ये, म्हणजे प्रोग्रामकडून डिव्हाइसला येणाऱ्या आज्ञेत, साधेपणाने घेतलं होतं, सॉफ्टआयआरक्यू, म्हणजे टायमरसारखी मध्येच घुसणारी कामं, न थांबवता. आयऑक्टलने लॉक धरलेलं असताना त्याच कोअरवर टायमर वाजला की तो कोअर जन्माचा अडकला. हे दर वेळी व्हायचं नाही. कधी पाच मिनिटांनी, कधी तासाभराने. एसएसएच, म्हणजे नेटवर्कवरचं लॉगइन, गोठायचं, कधी लगेच, कधी जरा रेंगाळून. मग उठायचं, फडताळापाशी जायचं, वायर उपटायची, दहापर्यंत मोजायचं, परत खुपसायची, बूट होईपर्यंत भिंतीकडे बघायचं, पुन्हा लॉगइन. आणि लॉग बघावा तर शेवटची ओळ अडकण्याच्या बरीच आधीची, कारण जे काही छापलं गेलं ते बोर्डाच्या मेमरी कार्डापर्यंत पोचलंच नव्हतं. एका संध्याकाळी मी हे किती वेळा केलं ते मोजलं नाही, पण पायात चपला घालूनच बसलो होतो एवढं आठवतं. दोन-तीन दिवसांनी कार्डावरची फाइलसिस्टीमही रुसली आणि सगळं पुन्हा चढवावं लागलं.

जाणकार म्हणतील, पॅनिकनंतर (कर्नलने स्वतःच हात टेकल्यावर) पाच सेकंदांत आपोआप रीबूट हो असं कर्नलला सांगता येतं, गोठलं की मशीन रीबूट करणारा वॉचडॉग लावता येतो, रूट नेटवर्कवरून माउंट करता येते. सगळं खरं. पण हे पॅनिक नव्हतं, नुसतं गोठणं होतं. आणि एवढा सगळा संसार मांडेपर्यंत मूळ चूक शोधायचा उत्साह संपतो. निदान माझा संपला.

मग कंटाळून क्यूएमूकडे वळलो. कर्नल डॉट ऑर्गवरून सोर्स घेतला, लॉकडेप (लॉकच्या चुका पकडणारी कर्नलचीच सोय) चालू करून आर्म६४साठी बांधला, मॉड्यूलही त्याच सोर्सवर बांधलं. पहिल्याच आयऑक्टलनंतर टायमर वाजला आणि लॉकडेपने ‘इनकन्सिस्टंट लॉक स्टेट’ म्हणून भलंमोठं पत्रक टर्मिनलवर छापलं. काही गोठायच्या आत! बोर्डावरच्या तयार कर्नलमध्ये लॉकडेप नव्हता. तिथेही स्वतःचा कर्नल बांधता आला असता, पण मी बांधला नव्हता, आणि मला वाटतं बहुतेक लोक बांधत नाहीत. क्यूएमूत दुसरा मार्गच सोयीचा नसल्याने ती सवय आपोआप लागते. एक बोनस असा, की मॉड्यूल आणि कर्नल एकाच झाडाचे असल्याने व्हरमॅजिकचं, म्हणजे मॉड्यूलवरच्या कर्नल-आवृत्तीच्या शिक्क्याचं, भांडण उरत नाही. बोर्डावर कर्नल अपडेट झाला की कालचं मॉड्यूल आज ‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’ म्हणून परत यायचं.

समजा गोठलंच, तर कंट्रोल-ए, मग एक्स, आणि पुन्हा सुरू. माझा साधा बिझीबॉक्सचा इनिटरॅमएफएस (मेमरीतच चालणारी चिमुकली फाइलसिस्टीम) काही सेकंदांत प्रॉम्प्ट देतो. मारून टाकायच्या आधी पोर्ट १२३४वर जीडीबी हा डीबगर जोडला तर कोणता कोअर कोणत्या ओळीवर अडकलाय ते समोर दिसतं. फक्त बूट करताना ‘नोकेएएसएलआर’ द्यायला विसरू नका, नाहीतर कर्नल मेमरीत दर वेळी वेगळ्या जागी बसतो आणि पत्ते जुळत नाहीत. स्नॅपशॉट पर्याय दिला की डिस्कवरचे बदल बंद करताच फेकले जातात, रुसायला कार्डच नाही.

आणखी एक गोष्ट बोर्ड कधीच देऊ शकणार नाही. क्यूएमूत ‘एज्यू’ नावाचं एक खोटं पीसीआय कार्ड आहे, चेकियातल्या मासारिक विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना कर्नल शिकवायला केलेलं. ते फॅक्टोरियल काढतं, इंटरप्ट देतं, डीएमएही (प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरीशी थेट देवाणघेवाण) करतं. त्याच कार्डासाठीचं एकच मॉड्यूल मी एक्स८६, आर्म६४ आणि रिस्क-फाइव्हवर पाठोपाठ चालवलं. कन्सोलचं नाव तेवढं बदलावं लागतं: आर्मच्या ‘व्हर्ट’वर टीटीवायएएमए०, रिस्क-फाइव्हच्या ‘व्हर्ट’वर टीटीवायएस०. चुकलात तर काळा पडदा बघत बसाल. ६४ केबी पानांचा (कर्नल मेमरी ज्या तुकड्यांत वाटतो ती पानं) आर्म कर्नल बांधून चालवला तेव्हा माझ्या कोडात एका जागी पानाचा आकार ४०९६ धरून लिहिल्याचं उघडं पडलं. बिग-एंडियनसाठी (संख्येचा मोठा बाइट आधी ठेवणाऱ्या प्रोसेसरसाठी) तर मिप्सचं ‘माल्टा’ मशीन आहेच. तसला खरा बोर्ड आज शोधत कुठे फिरणार?

आता क्यूएमू कुठे फसवतो तेही सांगायला हवं. एक्स८६वर आर्म चालवताना केव्हीएम, म्हणजे पाहुण्या सिस्टीमला थेट खऱ्या प्रोसेसरवर पळवणारी सोय, कामाचं नाही, प्रत्येक सूचना भाषांतरित होते, त्यामुळे पूर्ण डेबियन बूट करताना मी चहा टाकून येतो. आत कर्नल कंपाइल करायचा वेडेपणा एकदा केला, रात्र गेली. वेगाची मोजमापं तर तिथे घेऊच नयेत. त्याहून गंभीर म्हणजे मेमरी ऑर्डरिंग. एक्स८६चा प्रोसेसर लिखाणांचा क्रम बराच काटेकोर पाळतो, आर्म पाळेलच असं नाही. बॅरियर, म्हणजे क्रम पाळायला लावणारी सूचना, विसरलात तर क्यूएमूत सगळं सुरळीत दिसेल आणि खऱ्या आर्मवर चार महिन्यांनी फुटेल. कॅशचंही तेच: क्यूएमू कॅश दाखवतच नाही, त्यामुळे डीएमएच्या आधी कॅश आणि मेमरी सिंक करायची राहिली तरी तिथे कुणी ओरडत नाही.

म्हणून शेवटची तालीम खऱ्या आर्मवर हवी, हे मीही मानतो. पण ती एका संध्याकाळची गोष्ट आहे. क्लाउडवरचं आर्म मशीन ताशी भाड्याने घेतलं तरी मेमरी ऑर्डरिंगपुरतं भागतं. उरलेले महिने जिथे काढायचे आहेत ती जागा माझ्यापुरती तरी क्यूएमूचीच आहे. तुमचं काम वेगळं असेल तर तुमचा हिशेबही वेगळा येऊ शकेल. हातात बोर्ड असल्याशिवाय शिकल्यासारखं वाटत नाही असं म्हणणारे मित्र मलाही आहेत.

बोर्ड घ्यायचाच ठरला, तर यूएसबी-टू-टीटीएल सीरियल केबल त्याच दिवशी घ्या, ३.३ व्होल्टची. मी ती महिनाभराने पुण्यातल्या तपकीर गल्लीतून आणली. त्या गोठण्याच्या वेळी कर्नल बहुधा सीरियलवर सगळं सांगतही असेल, ऐकायला माझ्याकडे वायर नव्हती.